इलेक्ट्रॉन किती दुरून उडी मारतो?

'सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिनचा अणू तो घेतो आणि दोन्ही आयन एकमेकांकडे ओढले जाऊन मीठ तयार होते.' आयनिक बंध शिकवताना हे वाक्य आपण सर्वजण फळ्यावर लिहितो. बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन व्हावेत म्हणून ही देवघेव होते, असेही सांगतो. वाक्य सोपे आहे आणि विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राहते. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि एखादा चौकस विद्यार्थी तो विचारू शकतो : ही देवघेव होते तेव्हा दोन अणू एकमेकांपासून किती दूर असतात? ते आधी भिडतात आणि मग इलेक्ट्रॉन जातो, की इलेक्ट्रॉन आधी जातो आणि मग ते भिडतात?

अणूंमधील ही घटना एका सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी वेळात उरकते. तिथे मोजपट्टी लावणे शक्य नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. अभिक्रिया किती वेळा घडते हे मोजायचे, त्यावरून अणूच्या 'लक्ष्याचे' क्षेत्रफळ काढायचे आणि त्या क्षेत्रफळावरून इलेक्ट्रॉनच्या उडीचे अंतर काढायचे, असा तो मार्ग आहे. या लेखात आपण हा मार्ग पायरीपायरीने पाहू. यातले सर्व गणित दहावीच्या विद्यार्थ्याला झेपेल इतकेच आहे.

हिशेबातली तूट

सुरुवात ऊर्जेच्या जमाखर्चाने करू. वायुरूपातील एकट्या सोडियम अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्च करावी लागते. हिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. क्लोरिनच्या एकट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ३.६१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. ही त्याची इलेक्ट्रॉन-आसक्ती. म्हणजे खर्च ५.१४, जमा ३.६१ आणि तूट १.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

याचा अर्थ असा की, सोडियम आणि क्लोरिनचे अणू एकमेकांपासून खूप दूर असताना इलेक्ट्रॉनची देवघेव मुळीच फायद्याची नाही. सोडियम इलेक्ट्रॉन 'द्यायला उत्सुक' असतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याच्याकडून तो ओढून घ्यावा लागतो. यावर कोणी म्हणेल की, सोडियमऐवजी सीझियम घ्या, त्याचा इलेक्ट्रॉन फार सैल असतो. सीझियमची आयनीभवन ऊर्जा ३.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. नेहमीच्या धातूंत याहून सैल इलेक्ट्रॉन नाही, आणि सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक आसक्ती क्लोरिनची आहे. तरीसुद्धा या जोडीच्या हिशेबात ०.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची तूट राहतेच. दूर अंतरावर आपखुशीने इलेक्ट्रॉनची देवघेव करणारी उदासीन अणूंची जोडी मिळत नाही.

मग ही तूट भरून कोण काढते? उत्तर आहे कुलोमचा नियम. इलेक्ट्रॉन गेल्यावर एक धन आयन आणि एक ऋण आयन तयार होतो. त्यांच्यात आकर्षण असते आणि ते जितके जवळ तितकी त्यांची एकत्रित ऊर्जा कमी. इलेक्ट्रॉनच्या भाराएवढ्या धन भारापासून १ अँगस्ट्रॉम अंतरावर (१ मीटरचा दहा अब्जावा भाग) विद्युतविभव १४.४ व्होल्ट असतो. म्हणून १ अँगस्ट्रॉमवर असलेल्या दोन आयनांना आकर्षणामुळे १४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लाभ होतो, २ अँगस्ट्रॉमवर ७.२, १० अँगस्ट्रॉमवर १.४४. अंतर वाढेल तसा लाभ त्याच प्रमाणात कमी.

आता सोडियम आणि क्लोरिनचे अणू हळूहळू जवळ आणा. आकर्षणाचा लाभ १.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होईल त्या अंतरावर तूट बरोबर भरून निघते. त्याहून जवळ आल्यास इलेक्ट्रॉनची देवघेव फायद्याची ठरते. हे अंतर काढण्याचे सूत्र सरळ आहे :

उडीचे अंतर (अँगस्ट्रॉम) = १४.४ ÷ ऊर्जेतील तूट (इलेक्ट्रॉन-व्होल्ट)

सोडियम-क्लोरिनसाठी १४.४ ला १.५३ ने भागले की ९.४ अँगस्ट्रॉम येतात. वायुरूपातील सोडियम क्लोराइडच्या रेणूत दोन केंद्रकांमधील अंतर फक्त २.३६ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे बंधाच्या लांबीच्या चौपट अंतरावरच इलेक्ट्रॉनला पलीकडे जाण्याची मुभा मिळते. अणू एकमेकांना भिडण्याच्या कितीतरी आधी! आणखी काही जोड्यांचे आकडे पाहा :

लिथियम व फ्लोरिन : ५.३९ उणे ३.४०, तूट १.९९, अंतर ७.२ अँगस्ट्रॉम
सोडियम व आयोडिन : ५.१४ उणे ३.०६, तूट २.०८, अंतर ६.९ अँगस्ट्रॉम
पोटॅशियम व ब्रोमिन : ४.३४ उणे ३.३६, तूट ०.९८, अंतर १४.७ अँगस्ट्रॉम

हे सगळे कागदावरचे हिशेब झाले. इलेक्ट्रॉन खरोखरच इतक्या दुरून जातो हे प्रयोगाने कसे ठरवायचे? त्यासाठी 'काटछेद' ही कल्पना समजून घ्यायला हवी.

काटछेद म्हणजे लक्ष्याचे क्षेत्रफळ

जमिनीवर ४० सेंमी बाय ४० सेंमीचे जाड सुती कापड पसरा. त्यावर ३ सेंमी व्यासाची दहा बाटल्यांची झाकणे एकमेकांपासून दूर ठेवा. आता वरून डोळे मिटून, कापडावर सगळीकडे सारखे पडतील अशा बेताने, ज्वारीचे ५०० दाणे एकेक करून टाका. झाकणांवर किती दाणे पडतील? एका झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ७.१ चौरस सेंमी, दहांचे ७१ आणि कापडाचे १,६००. म्हणजे शंभरात साडेचार या हिशेबाने सुमारे २२ दाणे. याच्या उलटही जाता येते. झाकणाचा आकार ठाऊक नसेल, पण ५०० पैकी २२ दाणे लागले एवढे माहीत असेल, तर त्यावरून एका झाकणाचे क्षेत्रफळ काढता येईल. न पाहिलेल्या वस्तूचा आकार केवळ 'किती वेळा लागला' यावरून कळतो.

आता प्रत्येक झाकणाभोवती खडूने ६ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढा आणि 'या वर्तुळात पडलेला दाणाही लागला असे समजायचे' असा नियम करा. त्रिज्या दुप्पट झाल्याने क्षेत्रफळ चौपट होईल आणि लागलेल्या दाण्यांची संख्या ८८ च्या आसपास जाईल. झाकणे न पाहणाऱ्या, फक्त आकडे मिळालेल्या माणसाला वाटेल की, झाकणे ६ सेंमी व्यासाची आहेत. ज्वारी आणि झाकणे शाळेत सहज मिळतात; हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. मिळालेले आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील, त्याचीही चर्चा करता येईल.

रेणूंच्या बाबतीत याच लक्ष्याच्या क्षेत्रफळाला काटछेद म्हणतात. अणूंचा झोत एका वायूतून सोडला आणि त्यातील किती अणूंची अभिक्रिया झाली हे मोजले, तर वायूतील एका रेणूचे 'अभिक्रियेसाठीचे' क्षेत्रफळ मिळते. उदाहरणार्थ, एका घन सेंमीमध्ये १० लाख कोटी (एकावर तेरा शून्ये) रेणू असलेल्या विरळ वायूतून झोत १ सेंमी पुढे गेला आणि प्रत्येक रेणूचा काटछेद १५० चौरस अँगस्ट्रॉम असला, तर झोतातील साधारण १४ टक्के अणूंची अभिक्रिया होईल. काटछेद वर्तुळाकार मानला तर त्याचे क्षेत्रफळ म्हणजे पाय (३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग. आणि ही त्रिज्या म्हणजेच, ज्या अंतराच्या आत आल्यास अभिक्रिया होते ते अंतर.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. झोतातून नुसते किती अणू कमी झाले हे मोजून भागत नाही. काही अणू अभिक्रिया न होता केवळ वाट वाकडी होऊन बाजूला फेकले जातात. म्हणून कमी झालेले अणू नव्हे, तर तयार झालेले पदार्थाचे रेणू मोजावे लागतात.

भाला फेकणारा अणू

या विषयाचा इतिहास बर्लिनमध्ये सुरू होतो. १९२० च्या दशकात तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत मायकेल पोलान्यी हे सोडियमची वाफ आणि हॅलोजन वायू अतिशय कमी दाबाखाली एका नळीत समोरासमोर सोडून त्यांची अभिक्रिया अभ्यासत होते. नळीच्या काचेवर क्षाराचा थर कुठे आणि किती लांबीवर बसतो, हे पाहून अभिक्रियेचा वेग काढता येत असे. अभिक्रिया जलद असेल तर दोन्ही वायू भेटल्याबरोबर संपून जातात आणि थर आखूड पट्ट्यात बसतो. मंद असेल तर ते एकमेकांत दूरवर शिरतात आणि थर पसरतो.

क्लोरिन, ब्रोमिन यांसारख्या वायूंच्या बाबतीत वेग विलक्षण जास्त आला. अणू व रेणू म्हणजे टणक गोट्या आहेत असे मानून त्यांच्या टकरी मोजल्या, तर प्रत्येक टक्कर यशस्वी झाली असे धरूनही एवढा वेग येत नव्हता. एरवी रसायनशास्त्रात उलटे असते. टकरी असंख्य होतात आणि त्यांतल्या मोजक्याच फळाला येतात. इथे जणू टकरींपेक्षा अभिक्रियाच जास्त होत होत्या. याचा अर्थ एकच : टक्कर होण्यासाठी अणूंनी भिडावे लागत नाही. खडूचे वर्तुळ झाकणापेक्षा मोठे आहे.

पोलान्यींच्या कल्पनेला १९४० मध्ये जे. एल. मॅगी यांनी गणिती रूप दिले. या यंत्रणेला 'हारपून यंत्रणा' असे नाव पडले. हारपून म्हणजे देवमाशाच्या शिकारीत वापरला जाणारा, मागे दोर बांधलेला भाला. शिकारी होडीतून लांबूनच भाला फेकतो, तो माशात रुततो आणि मग दोराने मासा जवळ ओढला जातो. इथे धातूचा अणू हा शिकारी, त्याचा सैल इलेक्ट्रॉन हा भाला, हॅलोजनचा रेणू हा मासा आणि कुलोम आकर्षण हा दोर. इलेक्ट्रॉन पलीकडे गेला की धन व ऋण आयन ओढले जातात आणि त्यांची अभिक्रिया जवळजवळ अटळ ठरते.

या कल्पनेची नेमकी परीक्षा घ्यायला रेणूंचे झोत हवे होते. १९५५ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत एलिसन टेलर आणि शेल्डन डॅट्झ यांनी पोटॅशियमचा झोत व हायड्रोजन ब्रोमाइडचा झोत निर्वात पात्रात एकमेकांना आडवे सोडले. तयार होणारे पोटॅशियम ब्रोमाइडचे रेणू ओळखण्याची त्यांची युक्ती सुरेख होती. टंगस्टनच्या तापलेल्या तारेवर पोटॅशियम आणि पोटॅशियम ब्रोमाइड या दोहोंपासून पोटॅशियमचे आयन बनतात व विद्युतप्रवाहाच्या रूपाने मोजता येतात. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची तार मात्र मुख्यत्वे पोटॅशियमलाच दाद देते. दोन्ही तारांवरच्या मापनांची वजाबाकी केली की क्षाराचे रेणू मिळाले!

१९६० च्या दशकात डडली हर्शबाख यांनी आधी बर्कले आणि नंतर हार्वर्ड येथे हे तंत्र पुढे नेले. पोटॅशियम आणि ब्रोमिनच्या रेणूची अभिक्रिया त्यांच्या गटाने तपासली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, अभिक्रियेचा काटछेद १०० चौरस अँगस्ट्रॉमहून मोठा होता. दोन, तयार झालेले पोटॅशियम ब्रोमाइड मुख्यतः पोटॅशियम ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने पुढे जात होते. पोटॅशियम जाता जाता एक ब्रोमिन अणू ओढून नेतो आणि दुसरा अणू केवळ प्रेक्षक राहतो, असे हे चित्र होते. लांबून भाला फेकणाऱ्याला ते शोभणारेच होते. हर्शबाख, युआन ली आणि मायकेल पोलान्यींचे पुत्र जॉन पोलान्यी यांना १९८६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षेत्रफळाकडून अंतराकडे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोटॅशियम आणि ब्रोमिन रेणू यांच्या अभिक्रियेचा काटछेद वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला गेला आहे आणि त्या आकड्यांत बराच फरक आहे. गणितासाठी आपण १५० चौरस अँगस्ट्रॉम हा सोयीचा आकडा घेऊ.

पहिली पायरी : १५० ला ३.१४ ने भागले की ४७.८. त्याचे वर्गमूळ ६.९. म्हणजे उडीचे अंतर सुमारे ६.९ अँगस्ट्रॉम. दोन गोट्या म्हणून पाहिले तर पोटॅशियम आणि ब्रोमिन रेणू साधारण ४ अँगस्ट्रॉमवर भिडायला हवेत आणि काटछेद ५० च्या आसपास यायला हवा. तो तिप्पट आहे.

दुसरी पायरी : या अंतरावर एक पूर्ण इलेक्ट्रॉन पलीकडे गेला असे मानले, तर भारांचे विलगन किती झाले? एक इलेक्ट्रॉन-भार १ अँगस्ट्रॉमने वेगळा झाला की द्विध्रुव परिबल ४.८ डिबाय होते. ६.९ अँगस्ट्रॉमसाठी ते ३३ डिबाय येते. पाण्याच्या रेणूचे द्विध्रुव परिबल १.८५ डिबाय असते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या तयार रेणूचे सुमारे १०.६. म्हणजे उडीनंतरच्या त्या क्षणी भार जितके दूर असतात, तितके दूर ते तयार रेणूतही नसतात. तयार रेणूत बंधाची लांबी २.८२ अँगस्ट्रॉम असल्यामुळे, पूर्ण देवघेव झाली असती तर १३.५ डिबाय यायला हवे होते. प्रत्यक्षात कमी येते, कारण जवळ आल्यावर दोन्ही आयन एकमेकांचे इलेक्ट्रॉन ढग विकृत करतात. आयनिक बंध हा शंभर टक्के 'देणे-घेणे' नसतो, याचा हा मोजलेला पुरावा.

तिसरी पायरी : १४.४ ला ६.९ ने भागा. ऊर्जेतील तूट २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पोटॅशियमची आयनीभवन ऊर्जा ४.३४ आहे. त्यातून २.१ वजा केले की ब्रोमिन रेणूची इलेक्ट्रॉन-आसक्ती सुमारे सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळते. (येथे ब्रोमिनचा रेणू आहे, वरच्या यादीत अणू होता. म्हणून आकडे वेगळे आहेत.) थोडक्यात, किती रेणू तयार झाले हे मोजून आपण एका रेणूला इलेक्ट्रॉनची किती ओढ आहे हे सांगू शकलो.

सव्वादोन हा आकडा कितपत खरा?

इथे एक महत्त्वाची गोष्ट समोर येते. ब्रोमिन रेणूची आसक्ती एकच नाही. उदासीन रेणूत दोन ब्रोमिन अणूंमधील अंतर २.२८ अँगस्ट्रॉम असते. एक इलेक्ट्रॉन जास्त मिळाला की बंध सैल होतो आणि हे अंतर २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास जाते. अणूंना सावकाश नव्या जागी सरकू दिले तर एकूण लाभ सुमारे २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतो. पण इलेक्ट्रॉन जड केंद्रकांच्या तुलनेत फार चपळ. तो पोहोचतो तेव्हा ब्रोमिनचे अणू अजून जुन्याच अंतरावर असतात. त्या क्षणीचा लाभ बराच कमी, साधारण १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

दोन्ही आकडे सूत्रात घालून पाहू. आसक्ती २.५ धरली तर तूट १.८४, अंतर ७.८ अँगस्ट्रॉम आणि काटछेद १९० च्या जरा वर. आसक्ती १.४ धरली तर तूट २.९४, अंतर ४.९ अँगस्ट्रॉम आणि काटछेद ७५. आपण घेतलेला १५० हा या दोन टोकांच्या मध्ये पडतो. का बरे?

याचे उत्तर वेळेच्या हिशेबात सापडते. झोतातील पोटॅशियम ब्रोमिनच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने येतो. म्हणजे एका पिकोसेकंदात (एका सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) ६ अँगस्ट्रॉम. ७.८ पासून ४.९ पर्यंत यायला त्याला अर्धा पिकोसेकंद लागतो. ब्रोमिनचा रेणू स्प्रिंगसारखा सतत कंप पावत असतो आणि त्याचे एक कंपन सुमारे ०.१ पिकोसेकंदाचे असते. म्हणजे पोटॅशियम या पट्ट्यातून जात असताना ब्रोमिनची चार-पाच कंपने होतात. बंध ताणलेला असतो त्या क्षणी रेणूची आसक्ती नेहमीपेक्षा जास्त असते आणि उडी लवकर, म्हणजे जास्त अंतरावर, शक्य होते. तेव्हा काटछेदावरून मिळणारा सव्वादोन हा आकडा स्थिर रेणूचा गुणधर्म नसून, टक्कर घडत असताना रेणू ज्या अवस्थांमधून जातो त्यांची ती एक प्रकारची सरासरी आहे. तो अंदाज म्हणूनच वापरावा, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

सूत्र कुठे लागू पडत नाही?

कोणतेही सूत्र शिकवताना त्याच्या सीमा शिकवणे तितकेच गरजेचे असते. या सूत्राला दोन्ही बाजूंनी सीमा आहेत.

पहिली सीमा दूरची. सीझियम आणि क्लोरिनच्या अणूंसाठी तूट ०.२८ असल्याने सूत्र ५१ अँगस्ट्रॉम हे अंतर देते. पण ऊर्जेने परवानगी दिली म्हणून इलेक्ट्रॉन जाईलच असे नाही. त्याला पलीकडे जायचे तर त्याचा ढग दुसऱ्या अणूपर्यंत थोडा तरी पोहोचायला हवा. हा ढग अंतराबरोबर घातांकी वेगाने विरळ होत जातो. ५१ अँगस्ट्रॉमवर तो नसल्यातच जमा. अणू हा टप्पा ओलांडून पुढे जातो आणि इलेक्ट्रॉन जागेवरच राहतो. भाला फेकायला परवानगी आहे, पण दोर तेवढा लांब नाही!

दुसरी सीमा जवळची. पोटॅशियम आणि मिथिल आयोडाइड यांच्या अभिक्रियेचा काटछेद सुमारे ३५ चौरस अँगस्ट्रॉम आहे. सूत्र वापरले तर अंतर ३.३ अँगस्ट्रॉम, तूट ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि मिथिल आयोडाइडची आसक्ती जवळजवळ शून्य येते. उत्तर दिसायला ठीक आहे, पण ३.३ अँगस्ट्रॉमवर दोघांचे इलेक्ट्रॉन ढग एकमेकांत शिरलेले असतात. तिथे आयनांना दोन बिंदू मानणे आणि केवळ कुलोम आकर्षण धरणे चुकीचे आहे. शिवाय या अभिक्रियेत तयार झालेला क्षार पुढे न जाता मागे उसळतो, म्हणजे ही समोरासमोरची टक्कर आहे. आकडा जुळला एवढ्यावरून यंत्रणा सिद्ध होत नाही. रेणू कोणत्या दिशेने बाहेर पडतात, हेही पाहावे लागते.

याखेरीज, टप्प्याच्या आत आलेला प्रत्येक अणू अभिक्रिया करतोच आणि त्याची वाट तोवर सरळ असते, ही गृहीतेही ढोबळ आहेत.

स्वतंत्र साक्षी

इलेक्ट्रॉन खरोखर दुरून जातो याला वेगळ्या वाटेने मिळालेले पुरावेही आहेत. १९७० च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथे लोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कली अणूंचे अतिशय वेगवान झोत हॅलोजन वायूंवर सोडले. अणूचा वेग पुरेसा असला, तर भाला फेकल्यावरही दोर तुटतो. दोन्ही आयन कुलोम आकर्षणावर मात करून सुटे होतात आणि थेट मोजता येतात. असे सुटे आयन दिसू लागण्यासाठी किमान किती ऊर्जा लागते, यावरून रेणूची आसक्ती कळते. ब्रोमिनसाठी ती २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असल्याचे अशा प्रयोगांतूनच दिसले.

दुसरा पुरावा अधिक थेट आहे. १९८८ च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अहमद झेवेल यांच्या गटाने सोडियम आयोडाइडच्या रेणूला लेसरच्या अत्यंत अल्पकालीन स्पंदाने उत्तेजित केले आणि दुसऱ्या स्पंदाने त्याचे काय होते ते पाहिले. उत्तेजित रेणूतील दोन अणू उदासीन अवस्थेत दूर जाऊ लागतात. ६.९ अँगस्ट्रॉमचा टप्पा आला की बहुतेक वेळा त्यांचे आयनांत रूपांतर होते आणि आकर्षणामुळे ते परत येतात. क्वचित ते आयन न बनता सुटे होतात. हे येणे-जाणे सुमारे सव्वा पिकोसेकंदाच्या लयीत चालू राहते आणि दर खेपेला साधारण दहावा हिस्सा रेणू तुटतात. हा ६.९ आकडा आपण वरच्या यादीत निव्वळ भागाकाराने काढला होता. इथे जोडी दोन अणूंची असल्यामुळे बंध ताणण्याची भानगड नाही आणि म्हणून साधे सूत्रही नेमके लागू पडते. या कामासाठी झेवेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गासाठी

पाठ्यपुस्तकातले वाक्य खोडण्याची गरज नाही. त्याला एका ओळीची जोड द्यावी : 'दोन अणू पुरेसे जवळ आले की मगच ही देवघेव परवडते.' आठ इलेक्ट्रॉनांचा नियम शेवटी काय बनते ते सांगतो, पण ते घडवून आणणारी शक्ती विद्युत आकर्षणाची आहे. सोडियम उदार नसतो आणि क्लोरिन एकट्याच्या बळावर इलेक्ट्रॉन ओढू शकत नाही. हा फरक लक्षात आला, तर स्फटिकातील आयनांच्या रचनेमुळे एवढी ऊर्जा का बाहेर पडते, हेही पुढच्या इयत्तांत सहज समजते.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन थांबू. ब्रोमिन रेणूची आसक्ती २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. लिथियम (५.३९), सोडियम (५.१४), पोटॅशियम (४.३४), रुबिडियम (४.१८) आणि सीझियम (३.८९) यांच्यासाठी उडीचे अंतर आणि काटछेद काढा. अंतरे अनुक्रमे ५.०, ५.५, ७.८, ८.६ आणि १०.४ अँगस्ट्रॉम येतील. मग विचारा : आवर्तसारणीत एकाच गणात खाली जाताना धातू अधिक क्रियाशील होतात असे आपण शिकतो. या आकड्यांत त्याचे कोणते कारण दिसते? आणि यादीतील कोणत्या टोकाच्या उत्तरावर सर्वांत कमी विश्वास ठेवाल, कोणत्या कारणासाठी?